तू घाबरली असतीस, म्हणून

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत, आणि तिलाही ते नाव पसंत होतं. गाडी शिकवायचा तिचा धंदा. छोटी पांढरी गाडी, टपावर पाटी, आणि शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे तिचा स्वतःचा जादा ब्रेक. समोर कुत्रं आडवं येवो नाहीतर ट्रक, शिकणारा किंचाळायच्या आत तिचा पाय ब्रेकवर पोचलेला असायचा. ती म्हणायची, "लोकांची अक्कल गुडघ्यात असते, माझी त्याच्याही खाली, तळपायात आहे."

शहरातल्या कितीतरी माणसांचा गाडीतला पहिला घाम तिच्या सीटकव्हरांनी टिपला होता. तिचा सख्खा मोठा भाऊ मात्र तिच्या हाताखाली कधी बसला नाही. दादा मुख्याध्यापक होता, आणि निवृत्त झाल्यावरही मुख्याध्यापकच राहिला. स्टिअरिंगची त्याला भीती वाटायची, पण भीती वाटते असं तो म्हणायचा नाही. "मला गरज नाही," म्हणायचा. वडील लवकर गेलेले, त्यामुळे बहिणीची शाळा, तिचं लग्न, अगदी तिच्या गाडीचा रंगसुद्धा त्यानेच ठरवलेला. पन्नाशी उलटली तरी तो तिला "छोटी" म्हणायचा. तीही ऐकून घ्यायची. दादाचा आपल्यावर जीव आहे हे ती जाणून होती, आणि तो होताच.

मग तिचं पोट फुगायला लागलं. सीटबेल्ट आवळतो म्हणून आधी तिने बेल्टलाच शिव्या घातल्या. जेवण जाईना, दम लागायला लागला, तेव्हा नवरा तिला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. नवरा साधा, अबोल माणूस, छापखान्यात मशीन चालवायचा. त्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे की काय, त्याला बोलायची सवयच राहिली नव्हती. म्हणून बोलायला दादा सोबत गेला.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तिला तपासलं, आणि ती पडद्यामागे कपडे सारखे करत असताना बाहेर हलक्या आवाजात बोलणं चाललं. ती पडद्याबाहेर आली तेव्हा दादा उभा होता आणि नवरा खिडकीबाहेर बघत होता.

"अंडाशयाचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "सलाईनमधून औषध द्यावं लागेल."

"बरी होईन ना?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण उत्तर दादाकडून आलं. "होशील म्हणजे काय! थोडे दिवस त्रास, मग सुट्टी. मी सगळं विचारून घेतलंय."

तिने विश्वास ठेवला. दादाने विचारून घेतलंय म्हटल्यावर पुन्हा विचारायचं नाही, ही त्या घरातली लहानपणापासूनची रीतच होती.

तिची एकुलती एक मुलगी मालवाहू जहाजावर इंजिनिअर होती. तिचा पुढचा फेरा तोंडावर आलेला. एकदा जहाजावर चढली की महिनोन्महिने परत यायचं नाव नाही. ती आईच्या पलंगावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आई, खरं सांग. थांबू का मी?"

"कशाला? माझ्या उलट्या मोजायला? तू परत येशील तेव्हा ठणठणीत असेन मी."

मुलीने मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "बिनधास्त जा. मी आहे ना."

ब्रेकबाईने स्वतः गाडी चालवत तिला बंदरावर सोडलं. येताना तिने रेडिओ मोठ्याने लावला होता.

औषधाने केस गेले, त्याचं तिने फार मनाला लावून घेतलं नाही. लाल टोपी घालायला लागली. पण मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या, आणि मुंग्या थांबल्या तेव्हा त्यांच्याबरोबर पायही गेल्यासारखे झाले. जाड लोकरीचे मोजे घातलेत असं सारखं वाटायचं. पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि ही दारापर्यंत अनवाणी चालत गेलेली असायची. एकदा गाडीत बसून तिने जादा ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय ब्रेकवर आहे की खालच्या पायपुसण्यावर, ते तिला वाकून बघावं लागलं. ती उतरली. किल्ली खिळ्याला टांगली. शिकायला येणारी मंडळी तिने दुसऱ्या एका मास्तरांकडे पाठवून दिली. घरी एवढंच सांगितलं की दम लागतो.

तपासणीच्या वेळी डॉक्टर विचारत, "हातापायांना मुंग्या?" दादा सांगे, "येतात थोड्या. सहन करते ती." तीही मान डोलवायची. बरं व्हायचं तर काहीतरी द्यावं लागणारच, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

औषध द्यायच्या खोलीत आरामखुर्च्यांची रांग होती. तिच्या शेजारी बहुतेक वेळा एक बेकरीवाला असायचा, मोठ्या पोटाचा, बोलघेवडा. एकदा तिने त्याला सहज विचारलं, "तुमचं कधी संपतंय? माझं संपत आलंय बहुतेक."

"माझं कसलं संपतंय!" तो म्हणाला. "माझं यकृतात पसरलंय. हे औषध बरं करायला नाहीच, थोपवून धरायला आहे. डॉक्टरांनी समोर बसवून साफ सांगितलं. मीही सांगितलं, जोवर पाव भाजता येतोय तोवर धरा, नंतर सोडून द्या." आणि हिच्या सलाईनच्या बाटलीकडे बघून त्याने विचारलं, "तुम्हालाही हेच औषध? तुमचंही पसरलेलं आहे का?"

"नाही," ती म्हणाली. मग तिने बाटली बदलायला आलेल्या नर्सला विचारलं, "सिस्टर, माझं शेवटचं सलाईन कधी?"

"शेवटचं असं नसतं, ताई. लागू पडतंय तोवर चालू ठेवतात," नर्स म्हणाली, आणि बोलता बोलता हिच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाली. बाटली टांगायला तिने नको तितका वेळ लावला.

ब्रेकबाईने उभं आयुष्य शिकाऊ माणसांच्या थापा ऐकण्यात घालवलं होतं. "आरसा बघितला होता" म्हणणाऱ्याने बघितलेला नसतो, हे तिला आवाजावरून कळायचं. आणि घरातली एवढी मोठी थाप तिला इतके महिने कळली नव्हती. दुसऱ्या दिवशी नवरा छापखान्यात गेल्यावर ती टॅक्सी करून एकटीच हॉस्पिटलात गेली.

डॉक्टरांनी सवयीने दाराकडे बघितलं. "दादा नाही आले?"

"पोट माझं आहे," ती म्हणाली. "मी बरी होणार आहे का?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "नाही." आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून आजार यकृतावर आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलेला होता. औषध होतं ते आजाराला काही काळ रोखायला, पोटातलं पाणी कमी करायला. काही काळ म्हणजे किती, ते कुणालाच नेमकं सांगता आलं नसतं. वर्षभर, कदाचित थोडं जास्त.

"आणि पाय?"

"त्या औषधाने होतं तसं. औषध बदलता आलं असतं, कमीही करता आलं असतं. काहीजण तर घेतही नाहीत."

"मला का नाही विचारलं?"

"तुमचे बंधू म्हणाले की तुम्हीच तसं सांगितलंय. मला काही सांगू नका, जे काय असेल ते दादाला सांगा, असं."

"मी सांगितलं? तुम्ही माझ्या तोंडून ऐकलंत?"

डॉक्टर खाली बघायला लागले. "नाही. मी तुम्हालाच विचारायला हवं होतं."

"विचारायला हवं होतं," तीही म्हणाली. तिला मुलगी आठवत होती, बंदरावर पाठीवर पिशवी टाकून हात हलवणारी. आपण तिला आपल्या हाताने लोटून दिलं. आपले पाय आपण कशासाठी दिले ते आपल्यालाच माहीत नव्हतं. मरण तर येतंच माणसाला. पण दादाने तिच्या नावाने, तिच्या आवाजात परस्पर बोलून टाकलं होतं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

ते औषध तिने त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. पोटात पाणी भरलं तर काढायचं, दुखलं तर गोळ्या द्यायच्या, बस्स. आणि उठताना म्हणाली, "मला कळलंय हे दादाला सांगायचं नाही."

"तुमच्याबद्दल तुमच्या परवानगीशिवाय मी कुणाला काही सांगणार नाही. तो तुमचा हक्क आहे."

"पहिल्या दिवशीही होता की," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी तिने जाहीर केलं की डॉक्टरांनी औषधाला मधे विश्रांती दिली आहे, तब्येत झकास सुधारते आहे. नवऱ्याने आणि दादाने एकमेकांकडे बघितलं. तिने ते बघणं टिपलं, आणि त्या दिवसापासून वचपा काढायला सुरुवात केली.

नवऱ्याची पाळी रोज संध्याकाळी जेवताना यायची. "पुढच्या वर्षी लेक आली की बर्फ बघायला जाऊ आपण तिघं."

"हो."

"नुसतं हो काय? डोंगरावर जायचं की सरोवराकाठी?"

"तू म्हणशील तिथे."

"आणि दहा वर्षांनी तुम्ही काम सोडलंत की काय करायचं? छोटं घर घेऊ. मी टोमॅटो लावीन. तुम्ही काय लावाल?"

तो ताट अर्धवट सोडून न्हाणीघरात जायचा आणि नळ सोडायचा. पाणी एकसारखं पडत राहायचं, हात धुतल्याचा खळखळाट नाही, काही नाही. ती सूप पीत ऐकत बसायची. बाहेर आला की विचारायची, "डोळे का लाल?" तो म्हणायचा, "साबण गेला." खोटं बोलायलाही त्याला जमत नव्हतं. दोन क्षण तिला वाईट वाटायचं, आणि मग मुलगी आठवून पुन्हा चीड यायची. चिडीने तिला भूक लागायला लागली होती. कित्येक महिन्यांनी तिने अंडं मागून खाल्लं.

दादासाठी तिने वेगळं काढून ठेवलं होतं.

"दादा, आता माझं औषध संपलंच समज," ती म्हणाली. "पुन्हा शिकवायला लागायचं तर हात साफ हवा. तुझ्यापासून सुरुवात करते."

"मी? या वयात? छोटे, मला कुठे गाडी..."

"का? मी बरी होणार नाही असं वाटतंय का तुला?"

"छे छे! असं कसं बोलतेस!"

"मग बस गाडीत."

खोट्याचा लगाम तिच्या हातात आला होता. नाही म्हणायला त्याच्याकडे एकच कारण होतं, आणि ते त्याला तोंडातून काढता येत नव्हतं. शहराबाहेर बंद पडलेल्या एका कारखान्याचं फरसबंद आवार होतं. चारी बाजूंनी भिंत, आत चिटपाखरू नाही. ती नवशिक्यांना तिथेच न्यायची. नवऱ्याने गाडी तिथवर आणून ठेवली आणि तो फाटकाबाहेर जाऊन बसला.

मग रोज दुपारी दादाचा तास. तो क्लच सोडायचा आणि गाडी उचकी लागल्यासारखी उड्या मारून बंद पडायची.

"क्लच आहे तो, दादा, शाळेची घंटा नव्हे! हळू सोड! आरसा कुणी बघायचा? मी? गिअर हातात घ्यायचा असतो, कान पिळायचा नसतो!"

ज्याच्या एका नजरेने सगळी शाळा चिडीचूप व्हायची, त्याचा सदरा पाठीला चिकटायचा. पण तोंडातून ब्र काढायचा नाही. ती सुधारते आहे याचं सोंग त्याला वठवायचंच होतं. आणि खरं सांगायचं तर त्याचा धीर एकाच गोष्टीवर टिकून होता. बहिणीचा पाय जादा ब्रेकवर आहे. काही झालं तर छोटी थांबवील.

एक दिवस तिने त्याला दुसऱ्या गिअरमध्ये टाकायला लावलं. "दाब जरा. आणखी." गाडी धावायला लागली. आवाराच्या टोकाला जुन्या टायरांची रास होती आणि तिच्यामागे भिंत.

"आता ब्रेक," ती शांतपणे म्हणाली.

दादाचं अंग ताठरलं. कुठला पाय, कुठलं पेडल, सगळं डोक्यातून उडालं. "तू मार! छोटे, तू मार ब्रेक!"

त्याने मान वळवून बघितलं. तिने दोन्ही पाय सीटवर वर घेतले होते आणि मांडी घालून बसली होती.

"मला नाही मारता येत. माझ्या पायांना काही कळत नाही. तुला गाडीत बसवलं त्या पहिल्या दिवसापासून नाही कळत."

दादा ओरडला. काय ओरडला ते त्यालाही नंतर आठवेना. दोन्ही पाय त्याने मिळेल तिथे दाबले, गाडी करकचली, आचका देऊन बंद पडली आणि टायरांच्या राशीपाशी थांबली. तो स्टिअरिंगला मिठी मारून धापा टाकत होता. पाचावर धारण बसली होती.

"वेडी झालीस का? मेलो असतो आपण! आधी का नाही सांगितलंस?"

"तू घाबरला असतास," ती म्हणाली. "हिंमत खचली असती तुझी."

तो काहीतरी बोलणार होता. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की तिला सगळं कळलंय. वाऱ्याने कारखान्याचा एक पत्रा वाजत होता.

"कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"कोणी सांगायला हवं होतं?"

"मी तुझ्यासाठीच..."

"माझं नाव घेऊन खोटं बोललास तू. मला काही सांगू नका, असं मी कधी म्हणाले? सांग ना, कधी? माझी पोर जहाजावर गेली, दादा. तिने तुझ्याकडे बघितलं होतं. माझे पाय गेले. मी दिले असते की नसते दिले, ते मी बघितलं असतं. घाबरलं कोण होतं त्या खोलीत? मी तर पडद्यामागे होते."

दादा रडायला लागला. म्हातारा माणूस हुंदके देताना फार वाईट दिसतो. "मी घाबरलो," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघून ते बोलायचं मला जमलं नसतं."

"रड नंतर. आधी गाडी मागे घे."

"मला नाही घेता येत."

"मग बसू इथेच."

शेवटी त्याने घेतली, आठवणीने आरसा बघत, रडत रडत. तिचा एक हात सगळा वेळ हँडब्रेकवर होता, टायरांकडे जातानासुद्धा. हे तिने खूप नंतर फक्त मुलीला सांगितलं, आणि मामाला सांगू नको अशी ताकीद दिली.

घरी आल्यावर तिने त्याला पाणीही पिऊ दिलं नाही. फोन त्याच्या हातात दिला. ज्या ज्या नातेवाइकाला त्याने "सुधारतेय, बरी होतेय" असं सांगितलं होतं, त्या प्रत्येकाला तिच्यासमोर बसून फोन करायचा आणि खरं सांगायचं. पहिल्या फोनला तो म्हणाला, "जरा गंभीर आहे."

"असं नाही," ती समोरून म्हणाली. "आजार पसरलाय. बरी होणार नाही. पहिल्यापासून मला माहीत होतं, मी लपवलं. एवढं म्हण."

त्याने म्हटलं. मावशीला म्हटलं, चुलतभावांना म्हटलं, आपल्या बायकोला म्हटलं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्यावर फोनची पाळी तिने आणली नाही. तो हळूच येऊन तिच्या पायांशी बसला आणि म्हणाला, "टोमॅटो खरंच लावू का?" तिला एकदम हसू फुटलं आणि मग रडू.

शेवटचा फोन जहाजावर होता. तो लागायला वेळ लागला. मामाने सगळं सांगितलं तेव्हा पलीकडून नुसता इंजिनाचा घुमणारा आवाज येत राहिला. मग मुलगी म्हणाली, "मामा, फोन आईला द्या. तुमच्याशी मला बोलायचं नाही."

पुढच्या बंदरावर उतरून, तीन देशांतून फिरत फिरत ती घरी पोचली. आईला बघून तिने आधी तिच्या पायांना हात लावला आणि विचारलं, "इथे कळतंय? इथे?" थोडं परत आलं होतं. अंगठ्याला नाही, पण टाचेला स्पर्श जाणवायला लागला होता. मामाशी ती बरेच दिवस बोलली नाही. आईने तिला समजावलंही नाही.

ब्रेकबाई जिवंत होती तोवर प्रत्येक तपासणीला ती दादाला सोबत नेत राहिली. पडदा तिने काढायला लावला होता. डॉक्टर तिच्याशी बोलायचे, दादा कोपऱ्यात उभा राहून ऐकायचा, आणि बाहेर आल्यावर ती त्याला विचारायची, "काय म्हणाले सांग." त्याने गुळमुळीत सांगितलं की परत सांगायला लावायची. यकृत वाढलंय. पाणी पुन्हा भरतंय. आता महिने म्हणायचे नाहीत, आठवडे म्हणायचे. त्याचा आवाज फाटायचा, ती थांबायची नाही.

शेवटी ती पलंगाला खिळली. मुलगी उशाशी होती. एका दुपारी दादा खुर्चीत बसून होता. मग म्हणाला, "छोटे, माफ केलंस ना मला?"

तिने डोळे उघडले. "खरं सांगू, की तू सांगतोस तसं सांगू?"

दादा म्हणाला, "खरं सांग."

"नाही केलं."

मुलीला वाटलं, आता मामा उठून जाईल. तो उठला नाही. थोड्या वेळाने त्याने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "पाणी देऊ?"

"दे," ती म्हणाली. चमच्याने त्याने पाणी दिलं, हनुवटीवर ओघळलेलं रुमालाने पुसलं. तिने पुसू दिलं.

ती गेली तेव्हा सकाळ होती आणि घरात सगळे जागे होते. भेटायला आलेल्यांतलं कुणीतरी दारात म्हणालं, "सुखाने गेली बिचारी. तिला शेवटपर्यंत काही कळलं नसेल, तेच बरं."

दादा आत होता. तो बाहेर आला.

"तिला सगळं माहीत होतं," तो म्हणाला. "मी लपवलं होतं, तिने मला पकडलं. आणि माफ केलं नाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण मुलीने आतून हाक मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने "मामा" म्हटलं होतं, आणि तेही फक्त आईचा पलंग भिंतीपासून सरकवायला हात हवा होता म्हणून.